इस्त्री केलेले मांजर

२१ जुलै १९५० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात एका साध्या मांजरीला पाच पिल्ले झाली. चार सरळ केसांची होती. पाचव्याचे अंग कुरळे होते. ‘कॉर्निश रेक्स’ या जातीचा उगम तो. जात टिकावी म्हणून पुढे त्या पाचव्याचा संबंध त्याच्या आईशीच जोडण्यात आला, हेही नोंदलेले आहे. जातिवंतपणाची चौकशी फार मागे नेली की पुष्कळदा असे काहीतरी हाती लागते.

जातीची लक्षणे सर्वमान्य आहेत: अंगावर केवळ आतली मऊ लव, तिला लाटा, मिशाही वाकड्या आणि ठिसूळ, कान मोठे, पाय लांब, आणि उबेची विलक्षण ओढ. येथे ज्या मांजराचा वृत्तांत द्यायचा आहे, त्याच्या ठायी उबेची ओढ निर्विवाद होती. बाकीच्या लक्षणांबाबत मतभेद आहेत.

मांजराचे नाव बटण. ते एका लॉन्ड्रीत राही. तिथे इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळी गिऱ्हाइके मावशी म्हणत, पण वस्तुतः त्या फक्त दुकानमालकाच्या मुलांच्या मावशी होत्या. नवऱ्याशी पटेना, तेव्हा एक ट्रंक आणि स्वतःची इस्त्री घेऊन त्या धाकट्या बहिणीकडे चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. पुढे बहिणीच्या यजमानांनी वाफेचे यंत्र घेतले आणि ते मावशींखेरीज कोणाचे ऐकेना. त्यामुळे चार दिवस संपलेच नाहीत.

मावशींना चुरगळलेले काही सहन होत नसे. शर्ट आणि सूट हा व्यवसाय झाला. परंतु त्या मोजे, फडकी, वर्तमानपत्र आणि भाच्यांच्या वह्यांची दुमडलेली पानेही इस्त्री करीत. घरातून कोणी बाहेर निघाले की त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नसे. बटण हे त्यांना मिळाले ते एका पावसाळी कोटाच्या खिशात. कोटाच्या मालकाने रुमाल, किल्ली आणि मांजर यांपैकी फक्त किल्ली आपली असल्याचे मान्य केले. तेव्हापासून बटण यंत्राच्या पाण्याच्या टाकीवर, वाफेच्या ढगात निजे, आणि त्याच्या अंगावर लाटा असत.

बेबनाव झाला तो वकिलाच्या काळ्या कोटावरून.

“ताई, मांजर आता इथं राहणार नाही,” मालक म्हणाले.

“का, त्यानं काय भाडं थकवलंय?”

“वकीलसाहेबांनी बाही झटकली, केस उडाला, न्यायाधीशांना शिंका सुटल्या. तारीख पुढं गेली.”

“तारखा मांजरामुळं पुढं जातात होय? मग बाकीच्या वकिलांनी काय हत्ती पाळलेत?”

मालक हसले नाहीत. ते हसत नसत, कारण हसल्याने मिशा हलत. त्या मिशा पट्टी धरून आखल्यासारख्या सरळ होत्या. रोज सकाळी त्यांना मेण लागे, आणि सुट्टे पैसे परत देता देता मालक गिऱ्हाइकाला त्या आजोबांपासून कशा चालत आल्या ते सांगत. कूळ, घराणे, परंपरा या गोष्टींपुढे त्यांचा नाइलाज होई. हा त्यांचा कच्चा दुवा मावशींना ठाऊक होता, मात्र तो उपयोगी पडेल असे त्यांना वाटले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मांजरप्रेमी मंडळाच्या परीक्षकबाई आपला लोकरी कोट न्यायला आल्या. चष्मा कपाळावर सारून त्या टाकीकडे बघत राहिल्या.

“ही रेक्स आहे का हो?”

“ते बटण आहे,” मावशी म्हणाल्या.

“अशा अंगाची मांजरं फार दुर्मीळ. मंडळाकडं आणा, तपासू. जातिवंत ठरलं तर तसा शेरा देऊ.”

मालकांनी हिशेब अर्धवट सोडला. “जातिवंत म्हणजे, घराणं वगैरे?”

“उत्तम घराणं.”

मालकांनी बराच वेळ मिशांना हात लावला नाही. विचार करताना ते तसे करीत. मग म्हणाले, “ताई, जातिवंत निघालं तर राहील. साधं निघालं तर रविवारनंतर मला ते दिसता कामा नये.”

पहिली परीक्षा मंडळाच्या दिवाणखान्यात झाली. परीक्षकबाईंनी टोपलीचे झाकण उघडले. आत कडक, गुळगुळीत, सरळ केसांचे एक मांजर बसले होते. पाठीवर मधोमध क्रीझ होती.

“हे ते मांजर नव्हे,” परीक्षकबाई म्हणाल्या.

“तेच आहे. चार लोकांत न्यायचं म्हणून जरा इस्त्री फिरवली.”

“मांजराला?”

“रेशमावर ठेवून. वर ओलं फडकं. ते घुरघुरत होतं, विचारा त्याला.”

मंडळाच्या चिटणीसबाईंनी नियम चाळले. मांजराला आंघोळ घालावी की नाही, पावडर चालेल की नाही, याविषयी कलमे होती. इस्त्रीविषयी मंडळ मौन बाळगून होते. शेवटी असे ठरले की जनावर जिथे राहते तिथे, त्याच्या नेहमीच्या हवामानात, पुन्हा तपासावे. तुलनेसाठी चिटणीसबाई आपले लांब केसांचे पांढरे मांजर आणणार होत्या. शंभरांपैकी साठ गुण मिळाले की जातिवंत.

रविवारी दुकानाचे शटर अर्धे खाली होते. नेहमीचे हवामान हवे म्हणून मावशी यंत्रापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी वाफ सोडणारे पेडल दाबले. ते त्यांनी सोडलेच नाही. थोड्याच वेळात टांगलेले सूट दिसेनासे झाले. चिटणीसबाईंचे पांढरे मांजर प्रथम फुगले आणि मग आखडत, वळत, पिळत अखेरीस त्याचा एक स्पंज झाला.

“याचेही केस कुरळे झाले,” चिटणीसबाई म्हणाल्या.

“म्हणजे लव हा पुरावा धरता येणार नाही,” परीक्षकबाईंनी जाहीर केले. “तिचे निम्मेच गुण. आता कान, पाय, मिशा. कोणीतरी मांजर धरा.”

मालकांनी इस्त्रीच्या टेबलावर बटणाला धरले. परीक्षकबाईंचा चष्मा वाफेने पांढरा झाला होता. त्यांनी तो खिशात टाकला आणि आपण डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक विश्वास ठेवतो असे सांगितले. “मी तपासत असताना कोणी बोलू नका. जनावर बिथरतं.”

कान मध्यम निघाले. पाय आखूड. चिटणीसबाईंनी मोठ्याने बेरीज सांगितली: मिशांना पूर्ण वीस मिळाले तरच साठ होणार होते. मावशींचा पाय पेडलवरच होता. त्यांच्या बहिणीच्या सांगण्यानुसार त्या वेळी मावशी एकच कॉलर पुन्हा पुन्हा सरळ करीत होत्या.

नेमक्या त्याच क्षणी बटणाने आपले डोके मालकांच्या शर्टाच्या बाहीत घातले. मालक ते काढण्यासाठी वाकले. परीक्षकबाईंची बोटे पुढे आली.

“मिशा,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. “लहरी. दोन्ही बाजूंना सारख्या. टोकाशी जरा चिकट, पण ठिसूळ. अशा मी उभ्या आयुष्यात पाहिल्या नाहीत. लिहा, वीस.” मग बोटे थोडी खाली सरकली. “जबडा दणकट. श्वास जड आहे, घाबरलंय बिचारं.”

मालक हलले नाहीत. बोलू नका असे सांगितलेले होते, आणि ते शिस्तीचे गृहस्थ होते.

मावशींनी पाय उचलला. वाफ विरली. परीक्षकबाई चष्मा पुसून तो डोळ्यांवर चढवीत होत्या, तोवर मावशींनी बटणाला बाहीतून काढून टॉवेलमध्ये नाकापर्यंत गुंडाळले होते. मालक टेबलापाशी तसेच ओणवे होते. मेण वितळल्याने त्यांच्या दोन्ही मिशा वर वळून स्प्रिंगसारख्या झाल्या होत्या.

“अहो,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या आणि त्यांनी तोंडात रुमाल कोंबला.

“बरोबर साठ,” चिटणीसबाई म्हणाल्या. “मालक, या निकालावर काही हरकत?”

मालकांनी मावशींकडे पाहिले. मावशी टॉवेलची घडी नीट करीत होत्या.

“बोला की भावोजी,” त्या म्हणाल्या. “चुकून दुसऱ्याच कोणाला गुण गेले असतील तर आत्ताच सांगितलेलं बरं. परत तपासतील. हात लावून.”

मालक सरळ उभे राहिले. “मांजराच्या घराण्याबद्दल,” ते म्हणाले, “माझी काही तक्रार नाही.”

बटण राहिले. मंडळाचा शेरा चौकटीत बसवून गल्ल्यामागे लावण्यात आला. तो अजून तिथे आहे. वकिलांना बाहीवरचा केस जातिवंत असल्याचे कळले, तेव्हा त्यांनी तो चिमटीत धरून पाकिटात ठेवला. मावशींनी पुढेही जन्मभर तेच पेडल दाबले, आणि बटण म्हातारपणाने गेले ते टाकीवरच, लाटांसकट. वाफेबाहेर त्याला परत कोणी नेले नाही. नेऊन पाहावे असे कोणी सुचवले, तर मावशी त्याला हातातला कपडा नेमका कधी हवा आहे ते विचारीत.

मालकांनी त्या आठवड्यात मिशा काढल्या. त्या रविवारविषयी ते बोलत नाहीत; त्यांच्या पत्नी बोलू लागतात, पण हसण्यामुळे वाक्य पुरे होत नाही. परीक्षकबाई आपल्या वीस गुणांवर आजही ठाम आहेत.

कोटाच्या खिशात ते पिल्लू कोणी ठेवले, त्याचे आईबाप कोण, आणि टाकीवर पहिल्यांदा निजण्यापूर्वी त्याचे केस कुरळे होते की सरळ, हे अद्याप ज्ञात नाही. त्याच्या मिशा कोणीही तपासलेल्या नाहीत.