कडुनिंबाचा पाला

राजुऱ्याच्या बसस्टँडवर एक महाराज कडुनिंबाचा पाला चावत बसले होते. मयतीहून आल्यावर घरात शिरण्याआधी आपण चावतो, तसा.

"कोण गेलं, महाराज?" मी विचारलं.

"इथलं कोणी नाई. मी अमेरिकेच्या एका मंदिरात पुजारी होतो, मुदतीच्या व्हिसावर. आपल्या लोकायच्या मयतीलेही मलेच बोलावत. तिथी कडुनिंब नाई, मंग तसाच खोलीत शिरत होतो. आता माही मुदत संपली. मयतीतून जे मांगं मांगं आले, त्यायले कुठी मुदत असते?"

बोलता बोलता ते सारखी बॅग जवळ ओढत होते, कुणाला वाट करून द्यावी तशी.

जिवतीची गाडी लागली. चढलो आम्ही दोघंच. मी सरकून त्यांना शेजारी बोलावलं, पण ते उभेच राहिले.

"जागा कुठी हाये, भाऊ?" रिकाम्या बाकांकडे बघत ते म्हणाले.

मी पाय आवरून घेतले.