आज उजेड बरा नाही

एफिम गेला त्याला चाळीस दिवस होत आले, तरी अकुलिनाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. सख्खा आतेभाऊ गेला आणि हिच्या चेहऱ्यावर लग्नघरातली लगबग, म्हणून बायका कुजबुजत होत्या. खरं सांगायचं तर अकुलिनाला रडायला सवडच नव्हती. ती भाषणाची तालीम करत होती.

आमच्याकडे आते-मामे भावंडांनी एकमेकांची चेष्टा करायची असते, आणि ज्याची होते त्याने रागवायचं नसतं. एफिमने हा हक्क सहासष्ट वर्षं मनसोक्त वापरला. नदीवरचा सगळ्यात जुना वैमानिक तो. पाण्यावर उतरायला खाली तरंगे लावलेलं त्याचं तांबडं विमान टपाल, बाळंतिणी, कुत्री, मेणबत्त्या, सगळं वाहायचं, आणि वाटेत जनावरं दिसली की त्यांचे फोटो काढायचं काम एफिमचं. विमान एवढंसं, त्यामुळे चढण्याआधी प्रत्येकाचं वजन विचारावंच लागतं. बाकीच्यांना तो कानाशी विचारायचा. अकुलिना आली की मात्र अख्ख्या काठाला ऐकू जाईल असं ओरडायचा, "बोला अकुलिनाबाई, वजन किती?"

"एकशे चाळीस पौंड," ती ताठ मानेने सांगायची.

"डावा पाय धरून की सोडून?"

काठ खो खो हसायचा. मग तो वहीत काहीतरी खरडायचा, आकाशाकडे बघून म्हणायचा, "आज उजेड बरा नाही," आणि मोठ्या लेन्सची जड हिरवी पेटी बायकोच्या, पारास्काच्या, हातात देऊन विमानात चढायचा.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात गेलेल्याची शेवटची चेष्टा करायचा मान भावंडाचा. सहासष्ट वर्षांचा वचपा एका दमात काढायची संधी! आणि अकुलिनाकडे हुकमाचा एक्का होता. एफिमचा अस्वलाचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. शाळेत आहे, दवाखान्यात आहे, दिनदर्शिकेवर आहे. तोंडात मासा धरलेलं अस्वल बारा पावलांवरून थेट तुमच्या डोळ्यांत बघतंय. काय छाती असेल त्या माणसाची, असं लोक म्हणतात.

त्या माणसाची छाती त्या वेळी विमानाच्या पंखावर पालथी पडली होती. बावीस वर्षांपूर्वी तो आणि अकुलिना विमानाने बोरं वेचायला ओढ्यावर गेले होते. एफिमने तिवईवर कॅमेरा लावला आणि झुडपामागे परसाकडला बसला. तेवढ्यात अस्वल आलं. एफिम पँट सावरायलाही थांबला नाही, तसाच पंखावर चढला. अकुलिनाचा गुडघा आधीच दुखत होता, ती पळणार कुठे? ती कॅमेऱ्यामागे उभी राहिली आणि थोरामोठ्यांशी बोलावं तसं म्हणाली, "आजोबा, मासा तुमचा, बोरंही तुमची. आम्ही निघालोच." अस्वलाने वर पाहिलं. तिने बटण दाबलं.

"कुणाला सांगशील तर बघ," पंखावरून एफिम म्हणाला.

"तू जिवंत आहेस तोवर नाही सांगणार."

आता तो जिवंत नव्हता. पंखावर चढायचा अभिनय ती स्वयंपाकघरातल्या बाकावर दहादा करून चुकली होती. उणीव फक्त तारखेची होती. तारीख अचूक सांगितली की कुणी शंका घेत नाही. म्हणून जेवणाच्या दिवशी सकाळी तिने पारास्काकडून एफिमची जुनी वही मागून घेतली.

तारीख सापडली. तिच्यापुढे एफिमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "अकुलिना १४०. म्हणजे १८२. मोठी लेन्स काठावर पारास्काकडे ठेवली."

अकुलिनाने मागचं पान उलटलं. "अकुलिना १४०. म्हणजे १७८. मोठी लेन्स ठेवली." आणखी मागे. "अकुलिना १४०. म्हणजे १७५. लेन्स ठेवली. खालून मूस हरणी आणि तिचं पिल्लू पोहत गेलं. राहू दे." पानामागून पान, वर्षामागून वर्ष तेच. काठावर गावाला हसवणारा हा माणूस तिचं खोटं निमूटपणे वाहत होता, आणि त्यापायी आपले फोटो सोडत होता. उजेड दर वेळी चांगलाच असायचा.

"मेल्या," अकुलिना वहीला म्हणाली. तिला भयंकर राग आला. चाळीस दिवसांची तालीम पाण्यात गेली होती.

दुपारी अख्खं गाव पारास्काच्या घरी कोंबलेलं. मूसचं कालवण झालं, धुरवलेला मासा झाला, चरबीत फेटलेली बोरं झाली. "अकुलिना, तुझी पाळी!" म्हातारा वस्सिली ओरडला. ती भिंतीवरच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली.

"हा फोटो इतक्या जवळून का निघाला, ठाऊक आहे? मोठी लेन्स गावात राहिली होती. का राहिली? कारण मी एकशे चाळीस पौंडांची नाही. एकशे ब्याऐंशी आहे. तेव्हा होते. आता विचारू नका."

घर हसण्याने हादरलं. "अगं, हे गुपित होतं होय?" वस्सिली डोळे पुसत म्हणाला. "तुझ्या पायांखाली तरंगे बुडताना आम्ही रोज बघत होतो! बरं, आणि अस्वल आलं तेव्हा एफिम कुठे होता?"

अकुलिनाने एकदा पँटचा विचार केला. फार मोहाचा क्षण होता.

"कॅमेऱ्यामागे. आणखी कुठे असणार? तसूभर हलला नाही."

ती खाली बसली. कालवण वाढायच्या निमित्ताने पारास्का तिच्या कानाशी वाकली. "तसूभर हलला नाही, आणि पँट तेवढी पंखाला अडकून फाटली वाटतं? मीच शिवली ती."

"वहिनी! तुला माहीत होतं?"

"त्याच रात्री सांगितलंन. म्हणाला, मी मेल्यावर अकुलिना माझी अब्रू काढणार. काढू दे, तिचा हक्कच आहे."

म्हणजे मेल्यावरही त्याचीच कुरघोडी. अकुलिना दोन वाट्या कालवण रागारागाने जेवली.

दुसऱ्या दिवशी गुडघा दाखवायला शहरात जायचं होतं. नवा वैमानिक गेब सभ्य माणूस. त्याने अगदी हळू विचारलं, "मावशी, वजन?"

"एकशे ब्याण्णव," ती खणखणीत आवाजात म्हणाली. काठावर कुणीही हसलं नाही. गेबने आकडा लिहिला, तिला हात देऊन चढवलं. आकाश लख्ख होतं. विमान हललं तसं सवयीने तिने मागे वळून काठाकडे पाहिलं. पारास्का हात हलवत होती. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

तेव्हा कुठे अकुलिनाला रडू फुटलं, आणि शहर येईपर्यंत ते थांबलं नाही.