माझी ओवी तिच्या गळ्यात

तळेगावच्या आमच्या शाळेत मुलींचं गाईडचं पथक होतं. निळा ड्रेस, गळ्यात स्कार्फ आणि दर शनिवारी सर्वधर्म प्रार्थना. त्यात बिरोबाची ओवी मी म्हणायची. आम्ही धनगर, आता शेती करतो, पण ही ओवी वडिलांकडून माझ्याकडे आलेली. पथकात दुसऱ्या कुणाला ती यायची नाही आणि त्याचा मला भारी तोरा होता.

नववीत दौंडच्या शिबिराआधी बाईंनी नवीनच टूम काढली. "आपापली प्रार्थना सगळ्याच म्हणतात. यंदा जोडीदारणीची शिकायची आणि शिबिरात तीच म्हणायची." माझी जोडी लावली नव्या मुलीशी. तिचे वडील उत्तर प्रदेशातून सणसवाडीच्या कंपनीत आलेले. मला तिची नमाजानंतरची दुवा, तिला माझी ओवी.

तिचा आवाज ऐकला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट झाला. ती दोनदा ऐकायची आणि तिसऱ्यांदा माझ्यापेक्षा बरं म्हणायची. बाई म्हणाल्या, "काय गळा आहे गं पोरीचा." माझ्या गळ्याचं नाव बाईंनी तीन वर्षांत एकदाही काढलं नव्हतं.

ती मात्र मला मन लावून शिकवायची. शब्द चुकला की न कंटाळता पुन्हा म्हणून दाखवायची. वर सांगायची, "शेवटी दुसऱ्यासाठी मागायचं. नुसतं आपल्यासाठी नाही."

आमच्या ओवीतही शेवटी मागणंच असतं, गावासाठी, मेंढरांसाठी. ते मी तिला शिकवलंच नाही. "एवढीच हाय," म्हणाले. शिबिरात ओवी मध्येच तुटेल, हिला ती नीट येत नाही हे सगळ्यांना कळेल, आणि बाई पुन्हा माझ्याकडे वळतील, असा माझा डाव.

दौंडला भरल्या मांडवात तिनं ओवी धरली. शिकवलेलं संपलं तशी मी बाईंच्या तोंडाकडे बघायला लागले. ती जराशी थांबली. मग त्याच चालीत, मोडक्यातोडक्या मराठीत, तिनं स्वतःच मागणं जोडलं. जिनं मला ही ओवी दिली, तिच्या घरी काही कमी पडू देऊ नको.

बाईंनी डोळे पुसले. शेजारी येऊन बसताना ती माझ्या कानात म्हणाली, "अधुरी वाटत होती गं. चाललं ना?"

"व्हय," म्हणाले. त्या पोरीनं माझ्यासाठी माझ्याच देवाकडे मागितलं होतं, आणि माझ्या मेल्या मनात त्या घडीला एवढंच आलं, की चालसुद्धा हिलाच चांगली जमली.