दाराच्या आतली सही

परवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि मी ट्रेनिंग केलेला फरीदाबादचा कारखाना मला आठवला. मे महिना होता, वरचा पत्रा तापलेला. यंत्रांच्या कंट्रोल पेट्या गार राहाव्यात म्हणून आम्ही त्यांच्या दारांवर विजेवर थंड होणाऱ्या चपट्या प्लेटा बसवत होतो. तारा उलट जोडल्या तर हीच प्लेट पेटी तापवते. त्या सकाळी मी चुकून त्या उलट जोडल्या. जोडणी तपासल्याची सही करायची माझ्यासारख्या शिकाऊ मुलांना परवानगी नव्हती, म्हणून मला शिकवणारे उस्ताद हसत म्हणाले, "इंजीनियर साहब का काम क्या जाँचना!" आणि त्यांनी दाराच्या आत मार्करने स्वतःची सही केली. दुपारी आतला कंट्रोलर जळाला. मॅनेजरने पेटीचं दार उघडून विचारलं, "तार किसने जोड़ी?" उस्तादांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हातचं जाईल या भीतीने मी गप्प राहिलो. "दस्तखत मेरे हैं," ते म्हणाले. "तो कल से मत आना," मॅनेजर म्हणाला. उस्तादांनी जेवणाचा डबा उचलला आणि ते निघाले. आता प्रयोगाच्या वहीत 'जोडणी कोणी केली' इथे मी सगळ्यांत आधी माझं नाव लिहितो. पण इथे ते लिहिल्याने कुणाचं काहीच जात नाही.