न दिसणारी शीर शोधणाऱ्या मुजावर मॅडम

डॉ. रुबिना मुजावर मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका आजींच्या खाटेशी. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणारा मी दिल्लीतल्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात नुकताच रुजू झालो होतो. आजी उलट्यांनी गळून गेल्या होत्या. डायलिसिसमुळे हाताच्या शिरा निकामी झालेल्या, आणि सलाईनसाठी टोचून टोचून हात काळानिळा पडलेला. मॅडम स्टूल ओढून बसल्या. "अम्मा, अब मैं देखकर लगाऊँगी," म्हणाल्या आणि सोनोग्राफीच्या छोट्या यंत्राचा दांडा त्यांनी दंडावर टेकवला. पडद्यावर काळी वर्तुळं उमटली. दाबल्यावर मिटते ती शीर, उडत राहते ती धमनी, असं त्यांनी मला मराठीत समजावलं. सुई पहिल्याच प्रयत्नात लागली. आजींनी त्यांचा हात घट्ट धरला. झोप लागेपर्यंत मॅडमनी तो सोडवून घेतला नाही.

हे यंत्र विभागात आलं त्यामागे एक मृत्यू आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव होत असलेली एक तरुणी आली होती. शिरा पार दबलेल्या. यंत्र वरच्या मजल्यावर, कुलपात. सुई लागेपर्यंत उशीर झाला. तिच्या नवऱ्याला मॅडमनीच सांगितलं. पुढे प्रशासनाचा पिच्छा पुरवून त्यांनी यंत्र मिळवलं. आम्ही कौतुक केलं, की त्या एवढंच म्हणत, "मिळालं. पण तिच्यासाठी नाही."

मला डेंगी झाला तेव्हा आर. के. पुरमच्या आपल्या घरून त्या रोज पेज पाठवत. माझ्या आईला फोनवर, "वहिनी, मी आहे इथे," असं त्यांनी सांगितलं आणि आई सोलापुरात निवांत झोपली.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एका रुग्णाच्या दंडाशी नेलेली सुई त्यांनी शांतपणे ट्रेमध्ये परत ठेवली आणि मला म्हणाल्या, "आता तू लाव." त्यानंतर त्यांनी सुई हाती घेतली नाही. नव्या डॉक्टरांना त्या शेजारी उभ्या राहून शिकवतात. पण तो हात चालताना या मुलांना पाहायला मिळणार नाही, याची हळहळ वाटते.

मॅडमनी नुकतीच साठी पूर्ण केली. त्यांना उदंड, निरामय आयुष्य लाभो. त्यांच्या दंडावर शीर शोधण्याची वेळ आम्हा विद्यार्थ्यांपैकी कोणावरही न येवो.