फोनवर मीच आहे, बाबा

मीटर, सेन्सर अशी छोटी यंत्रं एकमेकांशी वायरलेसवरून बोलतात. त्या बोलण्यात कोणी तोतया घुसू नये याची सोय करणं हे माझं काम. अडचण अशी, की हवेतून जाणारा निरोप वाटेत खराब होतो. तंतोतंत आला तरच मानायचा म्हटलं, तर खराच माणूस दाराबाहेर राहतो. फार माफ केलं, तर तोतया आत येतो. रेघ कुठे ओढायची, यावर आमच्या ऑफिसात वाद चालतात. तोच प्रश्न एक दिवस बाबांनी घरात आणला.

बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मशीनच्या आवाजात हयात गेली, त्यात कान गेले. श्रवणयंत्र घ्या म्हटलं की म्हणायचे, "ऐकण्यासारखं बोलतंय कोण?" फोन आईच घ्यायची. एकदा शेजाऱ्यांना त्यांच्या मुलाच्या हुबेहूब आवाजात फोन आला, मी अडकलोय, लगेच मदत करा. मुलगा तेव्हा आतल्या खोलीत झोपलेला, म्हणून निभावलं. त्या रविवारी बाबांनी मला समोर बसवलं.

"तू त्यातलीच ना? मग सांग, फोनवरची तू ती तूच, हे मी कसं ओळखायचं?"

मी परवलीचा शब्द ठरवला, शेपू. कोणाच्या डोक्यात येणार नाही असा. दुसऱ्या दिवशी मंडईतून फोन लावला. ठरल्याप्रमाणे बाबांनी उचलला.

"शेपू!" मी ओरडले.

"टेंपो? आम्ही टेंपो मागवलेला नाही," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मी चिडून घरी गेले, तर तेच वर म्हणाले, "आणि भर मंडईत ओरडलीस. आता तिथली प्रत्येक भाजीवाली माझी मुलगी."

त्यांचं खरं होतं. एकदा उच्चारलेला शब्द कोणीही पुन्हा वापरू शकतो. मग आम्ही नवी पद्धत ठरवली. बाबा दर वेळी नवा प्रश्न विचारणार, फक्त घरच्यांना माहीत असलेला. एक उत्तर चुकलं तर तो कानाचा दोष धरायचा. लागोपाठ दोन चुकली तर फोन ठेवायचा.

सरावासाठी मी रोज ऑफिसातून फोन करू लागले. तुझ्या सायकलची घंटी कोणी पळवली? गॅदरिंगमध्ये तू झाड झाली होतीस, ते आंब्याचं की वडाचं? उत्तर बरोबर आलं तरी पुढचा प्रश्न तयार असायचा. आई म्हणाली, "अगं, दुपारपासून प्रश्न शोधत बसतात. फोनला मला हात लावू देत नाहीत." इतकी वर्षं फोनपासून लांब पळणारा माणूस आता त्याची वाट बघतो, हे ऐकल्यावर सराव पुरे असं काही माझ्या तोंडून निघेना.

पुढे काही महिन्यांनी आई आणि मी शनिवार पेठेत कापड घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर आईला घेरी आली. तिला सावरताना माझा फोन पडून बंद झाला. दुकानदाराने रिक्षा थांबवली, आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तिच्या गोळ्यांची नावं विचारू लागले. तिला आठवेनात, मलाही नीट माहीत नव्हती. तिथल्या नर्सचा फोन मागून मी बाबांना लावला. आवाज तुटत होता.

"बाबा, मी बोलतेय. आईला घेरी आलीय. तिच्या गोळ्या घेऊन या."

नंबर अनोळखी. त्यांनी विचारलं, "आईला कुठली भाजी आवडत नाही?"

त्यातला 'नाही' मला ऐकूच आला नाही. "वांगं!" मी म्हणाले. वांगं तर तिच्या जिवाभावाचं.

"तुला शाळेत कशावरून सोडायचो?"

"स्कूटर!"

"मोटार? आमच्याकडे मोटार कधीच नव्हती." फोन बंद.

नियम मीच केलेला. रागवायचं तरी कोणावर? मी खिडकीशी जाऊन पुन्हा लावला.

"तुझा पहिला दात कशात पडला?"

"पेरूत!"

"कशात?"

"पेरूत, बाबा! पेरू खाताना!"

मग ते म्हणाले, "पत्ता सांग."

ते माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर पोचले. डॉक्टरांनी गोळ्या पाहिल्या, रक्तदाबाच्या एका गोळीचं प्रमाण कमी केलं आणि संध्याकाळी आईला घरी सोडलं. तोवर माझा संयम सुटला होता.

"आईला बरं नाही सांगतेय, आणि तुम्ही फोन ठेवता?"

"आईला बरं नाही, असंच सांगतात ते लोक," बाबा म्हणाले. मी खाली पाहिलं, तर त्यांच्या पायात दोन वेगळ्या चपला. शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, की पहिला फोन ठेवल्या ठेवल्या बाबा आईच्या गोळ्यांचा डबा पिशवीत घालून, फोन हातात धरून दारात येऊन उभे होते. कुठे जायचं, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आई पलंगावर टेकली. बाबा तिच्याजवळ बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "दवाखान्यातून आलेली तू तूच कशावरून?"

"आधी चहा करा," आई म्हणाली. "तुम्ही तरी तेच आहात का, बघू दे मला."

बाबांनी चहा करून आणला. आईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर विसरलेत," ती मला म्हणाली. "तेच आहेत."