पहिली फेरी घरच्यांची

त्र्याहत्तर साली मी आमच्या गावात लाकडाचा टाल, म्हणजे वखारच, टाकला आणि पहिल्याच आठवड्यात श्री. सुदामजींनी माझी लाज काढली. बैलगाडीच्या चाकासाठी त्यांना बाभूळ हवी होती. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी एकेक ओंडका ठोकून पाहिला, लाकूड अजून ओलं आहे एवढंच म्हणाले आणि रिकाम्या हातांनी निघून गेले. मला असा संताप आला की विचारू नका. आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आहे आणि संताप आजही आहे. फक्त तो आता त्यांच्यावर नाही.

सुदामजी तरुणपणी फौजेत होते. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाकडे गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत त्यांनी काम केलं. तिथे एकदा साहेबाच्या घाईपायी न तपासता गाडी सोडावी लागली, वाटेत चाक निखळलं आणि त्यांच्या सोबतची माणसं परत आली नाहीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

गावी परतल्यावर बाजाराच्या तोंडाशी टिनाच्या शेडखाली ते चाकं करू लागले. तेव्हापासूनचा त्यांचा नेम साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. नवं चाक गाडीला चढलं की पहिली फेरी घरच्यांची. पत्नी अनसूयाबाई, मुलं, पुढे सुना-नातवंडं गाडीत बसणार, सुदामजी स्वतः हाकणार, नाल्याच्या उतारावरून फिरवून आणणार, मगच गाडी मालकाच्या हाती.

या नेमापायी त्यांनी बोलणीही खूप खाल्ली. एका बड्या आसामीला वरातीसाठी गाडी घाईने हवी होती आणि सुदामजींच्या घरची सगळी मंडळी तळेगावला लग्नाला गेलेली. सुदामजींनी गाडी दिली नाही. आसामी दारात थयथयाट करत होता, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ज्या चाकावर माह्ये लेकरं बसले नाई, थ्या चाकावर लोकायचे काऊन बसवू?"

माझ्या घरावर तर त्यांचे उपकारच आहेत. एका पावसाळ्यात सडक वाहून गेली, एसटी बंद पडली आणि माझी पत्नी अडलेली. सुदामजींनी नुकतीच तयार झालेली गाडी माझ्या दारात आणून उभी केली. आत अनसूयाबाई आधीच बसल्या होत्या. त्यांनी हिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत सोडलं नाही. माझी मुलगी आज चौथीत आहे.

आता संतापाचं. जी गौरव समिती हा ग्रंथ काढते आहे, तिनेच सुदामजींच्या नावाने सिमेंटची कमान उभारायचं ठरवलं आहे. कुठे? तर बरोबर त्यांच्या शेडच्या जागी! सत्काराच्या दिवशीच शेड पाडून पाया खणणार. म्हणे, आता रबरी टायरच्या गाड्या आल्या, सुदामजींनी आराम करावा. वा रे सन्मान. अहो, हा माणूस आजही रोज सकाळी वाकस घेऊन लाकूड तासायला बसतो, हे तुम्हाला दिसत नाही काय? त्यांना एका शब्दाने विचारावं असंही कोणाला वाटलं नाही. समितीला हा मजकूर खुपला तर खुशाल गाळावा. मी तो भर बाजारात उभा राहून वाचीन.

मी मात्र त्यांना विचारलं. मला वाटलं, रागावतील. ते हातातलं काम थांबवून एवढंच म्हणाले, "बांधणाराचे लेकरं पयले थ्या कमानीखालून जातीन का, तेवढं इचारून येजो."

मी विचारून आलो. समितीची मंडळी लगेच सत्काराच्या हारांचा हिशोब करू लागली.

सुदामजींना निरोगी, भरभरून आयुष्य मिळो, अनसूयाबाईंची सोबत असो आणि ते सारं आयुष्य त्याच शेडखाली जावो. सत्काराच्या दिवशी मी माझी गाडी आणणार आहे, त्यांनीच केलेल्या चाकांची. ती शेडसमोर आडवी लावीन. तीत माझी मुलगी बसलेली असेल. शेड पाडायला येणाऱ्यांनी आधी तिला खाली उतरवावं.